पदवीचा भाव कोण ठरवणार?

‘शिकून तरी काय दिवे लावले?’ हा प्रश्न पूर्वी गावच्या पाटलाच्या ओट्यावर विचारला जात असे. आता तो बौद्ध वस्तीतल्या आईबापांच्या तोंडी येऊ लागला आहे आणि म्हणूनच त्याची गंभीर दखल घेणे भाग आहे. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात आंबागड हे किल्ल्याचे गाव आहे. गोंड राजा बख्त बुलंदच्या काळातला हा किल्ला पुढे भोसल्यांनी तुरुंग म्हणून वापरला. या पट्ट्यातील गावांतून फिरून पाहा. बी.ए., बी.कॉम., डी.एड. झालेली मुले लग्नाच्या हंगामात वाढप्याच्या कामाला जातात. कुणी बुटीबोरीला किंवा हिंगण्याला कंपनीच्या फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून उभा असतो. उरलेली भल्या पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावत असतात. त्यांच्या आया मात्र आजही रोवणीला जातात, तेंदूपत्ता तोडतात, विड्या वळतात. त्या विड्यांच्या आणि रोवणीच्या पैशांतून पदवी झाली. मग पदवीने काय दिले, असे त्या माऊलीने विचारले तर तिला दोष कसा देणार?

तिला नुसती घोषणा ऐकवून चालणार नाही. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आहे एवढे सांगून आपण मोकळे झालो, तर फी भरण्यासाठी गहाण टाकलेली तिची पोत त्याने सुटत नाही. तिला हिशेब दिला पाहिजे. मात्र हा हिशेब मांडताना कुणाची पाटी वापरायची, हा खरा प्रश्न आहे.

आकडे काय सांगतात आणि काय लपवतात

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ साली भारतातील रोजगाराविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती फक्त ३.४ टक्के. उत्तर प्रदेशात २०१५ साली सचिवालयातील शिपायाच्या ३६८ जागांसाठी २३ लाख अर्ज आले आणि अर्जदारांत २५५ पीएच.डी. झालेले होते. महाराष्ट्रात २०२४ च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. हे आकडे पुढे करून काही विद्वान निष्कर्ष काढतात की, ज्या अर्थी अडाणी माणूस कामावर आहे आणि पदवीधर रिकामा आहे, त्या अर्थी पदवी हेच बेकारीचे कारण आहे.

हा निष्कर्ष फसवा आहे. अडाणी मजूर बेकार नसतो, कारण बेकार राहणे त्याला परवडत नाही. आज काम नाही तर संध्याकाळी चूल नाही. तो दिवसभर बांधीत वाकून जे मिळेल ते घेतो आणि सरकारी तक्त्यात ‘रोजगारप्राप्त’ म्हणून नोंदला जातो. त्याचे काम किती मोलाचे, किती मानाचे, हे तो तक्ता विचारत नाही. उलट पदवीधर चांगल्या कामाची वाट पाहतो, म्हणून बेकारांत मोजला जातो. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालाने दाखवले की, २५ वर्षांखालील पदवीधरांत बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या वर आहे, पण पस्तिशीनंतरच्या पदवीधरांत ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. त्यातल्या काहींना मनाजोगे काम मिळते, काही थकून हाती येईल ते पत्करतात.

म्हणजे पदवीनंतर पाच-दहा वर्षे वाट पाहावी लागते. ही वाट पाहण्याची ऐपत कुणाकडे आहे? ज्याच्या घरी पंधरा एकर ओलिताचे धान आहे, ज्याचा मामा संस्थेचा संचालक आहे, ज्याच्या काकांचे तुमसरच्या बाजारात दुकान आहे, तो वाट पाहू शकतो. आपल्या मुलाला दुसऱ्याच महिन्यात घरची उसनवारी फेडायची असते. पदवी दोघांची एकच, विद्यापीठही एकच. पण एकासाठी ती अनेक आधारांपैकी एक आहे आणि दुसऱ्यासाठी तो एकमेव आधार आहे. ‘पदवी परवडते का’ या प्रश्नाचे उत्तर दोन्ही घरांत सारखे कसे असेल?

उपदेश करणारे स्वतः काय करतात

सध्या एक फॅशन निघाली आहे. बिल गेट्सने हार्वर्ड अर्धवट सोडले, मग पदवी कशाला हवी, असे सांगितले जाते. गेट्सने १९७५ साली हार्वर्ड सोडले हे खरे आहे. पण त्याचे वडील नामांकित वकील होते आणि १९६८ साली, जेव्हा बहुतेक महाविद्यालयांतही संगणक नव्हता, तेव्हा त्याच्या खासगी शाळेत मुलांना संगणक वापरायला मिळत होता, हे सांगितले जात नाही. अमेरिकेतील अब्जाधीश पीटर थील हुशार मुलांनी कॉलेज सोडावे म्हणून त्यांना एक लाख डॉलर देऊ लागला. त्याच्या स्वतःच्या नावापुढे मात्र स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन पदव्या आहेत! अमेरिकेत शिक्षणकर्जाचा डोंगर दीड लाख कोटी डॉलरच्या पुढे गेला आहे, म्हणून तिथला मध्यमवर्ग पदवीच्या किमतीचा प्रश्न विचारतो. त्याला तो विचारू द्या. पण तिथला प्रश्न उचलून इथल्या शेतमजुराच्या मुलीपुढे टाकणे ही शुद्ध लबाडी आहे.

आपल्याकडे हा उपदेश नवा नाही. मद्रास राज्यात १९५३ साली राजगोपालाचारी सरकारने एक शिक्षण योजना आणली. मुलांनी अर्धा दिवस शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळेत आईबापांचा धंदा शिकावा. चांभाराच्या मुलाने चामडे, कुंभाराच्या मुलाने माती! पेरियार आणि द्रविड चळवळीने त्याला ‘कुलधंद्याचे शिक्षण’ म्हणून झोडपले आणि १९५४ साली कामराज सरकारला ही योजना मागे घ्यावी लागली. आज ‘कौशल्य’ हा गोड शब्द वापरून तेच सांगितले जात नाही ना, हे तपासले पाहिजे. आयटीआय वाईट नाही. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होणे हे मानाचे काम आहे. पण ‘तुमच्या मुलांनी आयटीआय करावे’ असे सांगणाऱ्या पुढाऱ्याचा आणि संस्थाचालकाचा मुलगा कुठे शिकतो, एवढे त्याला जरूर विचारा.

बाबासाहेबांच्या पदव्यांचा हिशेब

नफ्या-तोट्याच्याच भाषेत बोलायचे तर बाबासाहेबांचे उदाहरण घेऊ. १९१३ ते १९१७ ही वर्षे त्यांनी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क आणि लंडन येथे घालवली. कोलंबिया विद्यापीठातून ते १९१५ साली एम.ए. झाले आणि डॉक्टरेटसाठी प्रबंधही लिहिला. त्या बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. १९१७ साली ते बडोद्याला रुजू झाले तेव्हा एवढ्या शिकलेल्या माणसाला शहरात राहायला खोली मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या टोळक्याने त्यांना हुसकावले. त्या दिवशी एखाद्या हिशेबनीसाने वही उघडली असती, तर कोलंबियाची पदवी संपूर्ण तोट्यात गेली असेच त्याने लिहिले असते.

बाबासाहेबांनी तो निष्कर्ष काढला नाही. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी.एस्सी. या पदव्यांची किंमत एकट्या बाबासाहेबांनी मोजली नाही. ती रमाईने मोजली, अर्धपोटी राहून मोजली, पोटची लेकरे गमावून मोजली. आज आपल्या घरातल्या पदवीची किंमतही बहुतेक वेळा आई आणि धाकटी बहीणच मोजत असते, हे शिकलेल्या मुलांनी विसरू नये. त्या पदव्यांचा परतावा पगारात मोजता येईल काय? गोलमेज परिषद, संविधान, हिंदू कोड बिल हा परतावा कोणत्या वहीत मांडायचा? संघर्ष करायलाही भाषा लागते, कायदा कळावा लागतो, आणि ती शिदोरी त्या महागड्या शिक्षणातूनच आली.

याच भंडाऱ्यातून बाबासाहेबांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. ते निवडून आले नाहीत. पण त्यानंतर दोनच वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि शिक्षणाची ओढ वस्तीवस्तीत पोहोचली. पुढे तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका, बँकेतील कारकून या रूपाने जो पगार आपल्या घरांत पहिल्यांदा आला, तो शिक्षणाच्याच वाटेने आला. जमीन नव्हती, दुकान नव्हते, कारखाना नव्हता.

एकच पदवी, दोन भाव

तरीही एक कटू सत्य सांगितलेच पाहिजे. पदवी सारखी असली तरी बाजारात तिला सारखा भाव मिळत नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावात. कुणाचे आडनाव उच्च जातीचे, कुणाचे दलित, कुणाचे नाव मुस्लिम. उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला एक तृतीयांश निघाली. मुलाखत दूरच, अर्जाचे पाकीट उघडतानाच जात आड आली.

म्हणून आपल्या समाजासाठी पदवीचे मोल सरकारी नोकरीशी आणि आरक्षणाशी बांधलेले राहिले. तिथे आडनावाने दार बंद करता येत नव्हते. आता नेमके तेच दार अरुंद केले जात आहे. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली आणि पूर्ण शिक्षकाच्या कामाला तुटपुंजे मानधन सुरू झाले. २०२३ पर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना ६,००० रुपये मिळत. त्यानंतर ते १६,००० झाले. २०१२ पासून शिक्षक भरती वर्षानुवर्षे रखडली. महाविद्यालयांत नेट-सेट, पीएच.डी. झालेली माणसे तासिका तत्त्वावर राबतात आणि सुट्टीच्या महिन्यांत मजुरी शोधतात. सप्टेंबर २०२३ मध्ये तर सरकारने नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा आदेशच काढला. तरुणांचा संताप उसळला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. अशा वेळी पदवी कुचकामी ठरली असे म्हणणे म्हणजे विहिरीतले पाणी उपसून टाकायचे आणि मग बादलीला दोष द्यायचा!

खर्च कुणाचा?

शिक्षणाचा खर्च कुणी उचलायचा हा वादही जुना आहे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले की, सरकारची तिजोरी शेतकऱ्यांच्या घामाने भरते आणि तिच्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात दाखवून दिले की, कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होते. हे शिक्षणाचे व्यापारीकरण आहे, असे त्यांनी तेव्हाच बजावले. जेवढे दिले तेवढे वसूल करावे अशा तत्त्वावर शिक्षण खाते चालवता येत नाही, खालच्या वर्गांना उच्च शिक्षण होता होईल तेवढे स्वस्त झाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी पाठपुरावा केला आणि १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. गेल्या ऐंशी वर्षांत आपल्या समाजात जो डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक दिसतो, त्याच्या मागे बहुतेक वेळा हीच शिष्यवृत्ती आहे.

उलटा प्रवास सुरू झाला तो १९८३ साली. त्या वर्षी महाराष्ट्र सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली आणि ‘शिक्षणसम्राट’ नावाची जमात जन्माला आली. फी वाढत गेली आणि शिष्यवृत्ती मात्र उशिरा येऊ लागली. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्र सरकार या शिष्यवृत्तीवर देशभर वर्षाला सरासरी सुमारे १,१०० कोटी रुपयेच देत होते. उरलेला बोजा राज्यांवर होता. ओरड झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६० टक्के आणि राज्याने ४० टक्के वाटा उचलावा असे ठरले. केंद्राचा वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. हे दिसायला चांगले आहे. पण पैसे परीक्षा उलटून गेल्यावर येतात, तोवर कॉलेज हॉल तिकीट किंवा टी.सी. अडवते. कधी पैसे येतात तेव्हाच घरात आजारपण असते, आणि फीचे पैसे दवाखान्यात जातात. पुढे कॉलेजच्या वहीत तो विद्यार्थी ‘थकबाकीदार’ ठरतो.

उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलाला २०२४ साली धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपला विशेषाधिकार वापरून ती परत दिली. तो दिल्लीपर्यंत पोहोचला म्हणून वाचला. तुमसर, मोहाडी, साकोलीतला जो मुलगा तहसील कार्यालयाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किंवा जात पडताळणीसाठी अडला आणि घरी बसला, त्याची बातमी होत नाही.

दुकान ओळखा

मग मिळेल ती पदवी, मिळेल त्या किमतीला घ्यायची काय? मुळीच नाही. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजे निघाली. ‘दोन वर्षांत मास्तर’ या आशेने आपल्या लोकांनी म्हशी विकल्या, शेत गहाण टाकले. भरती थांबली आणि कॉलेजे बंद पडली. संस्थाचालकांचे इमले उभे राहिले आणि मुलांच्या हाती कागद उरला. नंतर तीच गत अनेक विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांची झाली. ती पदव्यांची दुकाने होती. दुकानात फसलो म्हणून विद्या वाईट ठरत नाही, तसेच प्रत्येक दुकानदाराला विद्यादाता समजण्याचेही कारण नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी आईबापांनी काही गोष्टी तोंडावर विचाराव्यात. अभ्यासक्रमाला परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता आहे काय? या कॉलेजात, याच अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती आणि फी माफी लागू आहे काय? पूर्णवेळ प्राध्यापक किती? प्रयोगशाळा उघडते की कुलूपबंद असते? मागच्या तीन वर्षांत बाहेर पडलेली मुले आज कुठे आहेत? पावती न देता पैसे मागणाऱ्या संस्थेच्या पायऱ्या चढूच नयेत. नोकरीसाठी ‘डोनेशन’ म्हणून जमीन विकून लाखो रुपये देणे हा तर आत्मघात आहे. सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयातील बी.एस्सी., शासकीय तंत्रनिकेतनातील पदविका, शासकीय नर्सिंग कॉलेज ही खासगी विद्यापीठाच्या चकचकीत माहितीपत्रकापेक्षा कितीतरी चांगली गुंतवणूक आहे.

समाजाने काय करावे

हे शहाणपण प्रत्येक घराने एकट्याने शिकावे अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती आजही आपल्याला लागू आहे. नोकरी लागली की नागपूरला फ्लॅट, आणि मग गाव फक्त १४ एप्रिलला आठवते! धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा भाग द्यावा असे त्यांनी त्याच वर्षी नागपूरला सांगितले होते. त्या विसाव्या भागातून तालुक्याला एक अभ्यासिका आणि एक तातडीचा फी-निधी उभा राहू शकतो. शिष्यवृत्ती येईपर्यंत फी भरायची आणि आल्यावर ती निधीत परत घ्यायची. प्रत्येक बुद्धविहारात जून ते ऑगस्ट एक टेबल लावावे. तिथे महाडीबीटीचा अर्ज भरून द्यावा, दाखल्यांची यादी सांगावी, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना स्वाधार योजनेची माहिती द्यावी. हे काम निवृत्त शिक्षक आणि कारकून उत्तम करू शकतात.

यात ओबीसी आणि आदिवासी बांधवांना बरोबर घेतले पाहिजे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ झाली. पोवार, कुणबी, तेली कुटुंबांतील कितीतरी मुलींपर्यंत ही माहिती अजून नीट पोहोचलेली नाही. ती आपण पोहोचवली तर एकजूट भाषणाशिवायही होते. आणि याच एकजुटीच्या बळावर सरकारला तीन गोष्टी ठणकावून सांगता येतील: शिष्यवृत्ती शैक्षणिक वर्ष संपण्याआधी खात्यात आली पाहिजे, तिच्यासाठी हॉल तिकीट किंवा टी.सी. अडवणाऱ्या संस्थेवर कारवाई झाली पाहिजे, आणि रिक्त पदांचा अनुशेष कायमस्वरूपी भरतीने भरला पाहिजे.

विड्या वळणाऱ्या त्या माऊलीला आपले उत्तर हे असावे: बाई, तुझा पैसा वाया गेलेला नाही, तुझ्या मुलाच्या पदवीचा भाव पाडला गेला आहे. भाव पाडणारे कोण आहेत हे वाचता यावे, तालुक्याच्या साहेबापुढे ते मांडता यावे आणि हक्काचा कागद हातात धरून भांडता यावे, यासाठी तुझ्या धाकट्या मुलीलाही कॉलेजात घाल. फक्त कॉलेज कोणते, हे आपण सगळे मिळून बघू. नवीन प्रवेश सुरू होण्यापूर्वी आपल्या विहारात ते टेबल लागले आहे की नाही, हे प्रत्येक वाचकाने आपल्या गावात जाऊन पाहावे. लागले नसेल तर स्वतः लावावे.